जन्मदाखला यवतमाळचा, नागरिकत्वाची मात्र प्रतीक्षा

यवतमाळ : आधार कार्ड आहे, बँकेत खाते आहे, वाहन चालविण्याचा परवाना आहे, बाजारपेठेत लहानसे दुकान आहे. मुले येथील शाळेत मराठी शिकतात. एवढे सारे असूनही कायद्याच्या दृष्टीने ही माणसे परदेशी नागरिकच असतात. पाकिस्तानच्या सिंध प्रांतातून विदर्भात येऊन दशक-दीड दशक लोटलेल्या अनेक हिंदू सिंधी कुटुंबांची ही स्थिती आहे. तिची धग एप्रिल २०२५ मध्ये सर्वांनाच जाणवली. पहलगाम येथे २२ एप्रिल रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर केंद्र सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पोलिसांच्या याद्या बाहेर निघाल्या. राज्यात पाच हजारांवर पाकिस्तानी नागरिक असल्याचे तेव्हा समोर आले. त्यांपैकी २ हजार ४५८ एकट्या नागपूर शहरात होते. दीर्घ मुदतीचा व्हिसा, म्हणजेच एलटीव्ही, असलेल्यांना या आदेशातून वगळण्यात आल्याचा खुलासा झाला, तेव्हा कुठे अनेक घरांतील चूल शांतपणे पेटली. पुढे एलटीव्हीधारकांनाही १० मे ते १० जुलै २०२५ या काळात पुन्हा ऑनलाइन अर्ज करण्यास सांगण्यात आले.

नागपुरात अशा कुटुंबांना सल्ला देणाऱ्या संस्था आहेत, जरीपटक्यासारखी मोठी वस्ती आहे. यवतमाळ, पुसद, वणी यांसारख्या ठिकाणी ही संख्या थोडी. नेमक्या याच कारणाने येथे नागरिकत्वाचा अर्ज कोठे करायचा, कोणत्या कलमाखाली करायचा, याची माहिती तुटपुंजी आणि ऐकीव असते. त्यातून वर्षे वाया जातात.

मुळात एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळालेली व्यक्ती साधारणपणे पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करू शकते. भारतात सर्वसामान्य स्थलांतरितासाठी असा ‘कायमचा रहिवासी’ हा दर्जाच नाही. मोठी गुंतवणूक करणाऱ्या परदेशी व्यक्तींसाठी २०१६ मध्ये तशी योजना आली, पण तिचा या कुटुंबांशी काही संबंध नाही. त्यांच्या हाती असतो तो एलटीव्ही. तो ठरावीक मुदतीनंतर वाढवून घ्यावा लागतो. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील अल्पसंख्याकांना तसेच भारतीयांशी विवाह करून येथे राहणाऱ्या पाकिस्तानी व बांगलादेशी महिलांना तो मिळू शकतो. २०१६ मध्ये केंद्राने या तीन देशांतील अल्पसंख्याक एलटीव्हीधारकांना बँक खाते, पॅन, आधार, वाहन परवाना, राहण्यापुरते घर आणि स्वयंरोजगारासाठी जागा घेण्याची मुभा दिली. सवलती मोठ्याच होत्या. मात्र त्यामुळे ‘सगळी कागदपत्रे झाली’ असा गैरसमजही बळावला.

आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे २०१६ च्या आधार कायद्याच्या नवव्या कलमातच म्हटले आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये ठाणे येथील एका प्रकरणात जामीन नाकारताना आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही, असे स्पष्ट केले. मतदान, सरकारी नोकरी, भारतीय पासपोर्ट या गोष्टी नागरिकत्वाशिवाय मिळत नाहीत. शेतजमिनीच्या जिल्ह्यात राहून शेतजमीन घेता येत नाही. परगावी लग्नाकार्याला जायचे, तर व्हिसावरील ठिकाणांचा विचार आधी करावा लागतो.

एका कुटुंबाला चार दरवाजे

नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्यातील पाचवे कलम नोंदणीने आणि सहावे कलम देशीयकरणाने मिळणाऱ्या नागरिकत्वाचे आहे. कोणाला कोणते कलम लागू होते, हे केवळ वास्तव्याच्या वर्षांवर ठरत नाही. अर्जदाराचा आणि त्याच्या आईवडिलांचा जन्म केव्हा व कोठे झाला, यावरही ते ठरते. उदाहरणादाखल, २००९ मध्ये रीतसर व्हिसावर सक्करहून यवतमाळला आलेले एक कुटुंब कल्पावे.

आजोबांचा जन्म १९४४ चा. म्हणजे अखंड भारतातला. कायद्याच्या व्याख्येनुसार ते ‘भारतीय वंशाची व्यक्ती’ ठरतात व पाचव्या कलमाच्या ‘अ’ उपकलमाखाली सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीस पात्र होतात. त्यांचा मुलगा १९७१ साली पाकिस्तानात जन्मला, तरी वडील अखंड भारतात जन्मलेले असल्याने त्यालाही तोच दरवाजा उघडा आहे. सात वर्षांचा हिशेब मात्र सरळ नाही. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने भारतात काढलेले असावेत आणि त्याआधीच्या आठ वर्षांपैकी सहा वर्षे येथे वास्तव्य असावे, अशी अट आहे.

सून १९७५ ची. तिचे आईवडील १९४७ नंतर तिकडेच जन्मलेले. ती ‘भारतीय वंशाची’ ठरत नाही. पती नागरिक झाल्यावर नागरिकाची पत्नी म्हणून ती नोंदणीचा अर्ज करू शकते. तिच्या वास्तव्याची अटही सात वर्षांचीच. नातवाचा जन्म १९९८ मधला, सक्करचा. त्याचे आईवडील दोघेही फाळणीनंतरचे, तेव्हा आजोबांचा दरवाजा त्याला बंद. त्याच्यापुढे प्रामुख्याने देशीयकरणाचा मार्ग उरतो. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षे येथे वास्तव्य, चांगले चारित्र्य आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान, अशा त्याच्या अटी आहेत. भाषेची अट या मुलांना जड जाऊ नये. शाळेतली मराठी त्यात आहेच आणि घरातली सिंधीही १९६७ पासून त्या अनुसूचीत आहे.

सर्वांत अनपेक्षित स्थिती धाकट्या नातीची. तिचा जन्म २०१२ मध्ये यवतमाळमध्ये झाला, नगरपालिकेचा जन्मदाखला अस्सल आहे. तरीही ती जन्माने भारतीय नाही. ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेले मूल, काही अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक ठरत असे. त्यानंतर आईवडिलांपैकी एक नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून तर दोघेही नागरिक असावेत, किंवा एक नागरिक असून दुसरा अवैध स्थलांतरित नसावा, असा दंडक आहे. या मुलीच्या जन्माच्या वेळी आई व वडील दोघेही पाकिस्तानी नागरिक होते. आईवडिलांना नागरिकत्व मिळाल्यावर अल्पवयीन अपत्य म्हणून तिची नोंदणी होऊ शकते. मात्र ती अठरा वर्षांची होण्याआधीच अर्ज व्हायला हवा. ‘मुलगी तर येथलीच आहे’ या समजुतीत हीच मुदत हातची जाते.

जन्मदाखल्यावर विसंबून राहण्यात आता आणखी एक अडचण आहे. २०२५ च्या अखेरीस आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी ग्रामपंचायतीच्या नावावर, गावच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट, हजारो जन्मनोंदी संगणक प्रणालीत आढळल्या आणि जिल्ह्यात खळबळ उडाली. अशा प्रकारानंतर खऱ्या दाखल्याकडेही अधिकाऱ्यांनी दोनदा पाहिले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

नागपूरला एक न्याय, यवतमाळला दुसरा

अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नागरिकत्वविषयक संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. भारतीय वंशाच्या व्यक्तीसाठी नमुना दोन, नागरिकाच्या जोडीदारासाठी नमुना तीन, अल्पवयीन मुलांसाठी नमुना चार, देशीयकरणासाठी नमुना आठ. पुढचा प्रवास मात्र जिल्ह्यागणिक बदलतो. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने देशातील सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिश्चन अर्जदारांना थेट नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. त्यांत महाराष्ट्रातील नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे हे चार जिल्हे होते. मे २०२१ मध्ये आणखी तेरा जिल्ह्यांची भर पडली. त्यांत राज्यातील एकही नव्हता.

यवतमाळ या यादीत नाही. येथील जिल्हाधिकारी अर्ज स्वीकारतात, चौकशी होते, अहवाल मंत्रालयात जातो आणि तेथून शिफारशीसह दिल्लीला. २००९ च्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांसाठी ६० आणि राज्य सरकारसाठी ३० दिवसांची मुदत घालण्यात आली होती. दीडशे किलोमीटरवरील नागपुरात जो निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयात होऊ शकतो, त्यासाठी यवतमाळच्या फाइलला मुंबई व दिल्ली गाठावी लागते. अर्जदार तेच, कायदा तोच. फरक केवळ राहत्या पत्त्याचा. अर्ज थोडे असलेल्या जिल्ह्यांवरच हा फेरा यावा, ही विसंगती खटकणारी आहे.

मार्च २०२४ मध्ये या चित्रात एक बदल झाला. नागरिकत्व सुधारणा कायदा २०१९ मध्ये संमत झाला होता. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले. वरील तीन देशांतील सहा समुदायांचे जे लोक ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आले, त्यांच्यासाठी देशीयकरणाची अकरा वर्षांची अट पाच वर्षांवर आली. कल्पिलेल्या कुटुंबातील नातवाला त्याचा थेट लाभ होतो. मुस्लिमांचा यात समावेश नाही. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्या. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने नियमांना तातडीची स्थगिती दिली नाही. यवतमाळमध्ये विवाह करून आलेल्या पाकिस्तानी मुस्लिम महिलेला पूर्वीप्रमाणेच पाचव्या कलमाखाली, सात वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करावा लागतो.

या नव्या मार्गावर जिल्हाधिकारी नाहीत, मंत्रालयही नाही. अर्जाची पडताळणी करणाऱ्या जिल्हास्तरीय समितीचे प्रमुख टपाल अधीक्षक असतात आणि निर्णय जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालील अधिकारप्राप्त समिती घेते. जिल्हा समितीत नायब तहसीलदारांप्रमाणेच स्थानिक रेल्वे स्टेशन मास्तरांनाही निमंत्रित म्हणून स्थान आहे. शकुंतला बंद पडलेल्या आणि वर्ध्याकडून येणाऱ्या लोहमार्गाकडे वर्षानुवर्षे डोळे लावून बसलेल्या यवतमाळकरांना ही तरतूद वाचून हसू आले, तर नवल नाही. कागदपत्रांबाबत हे नियम बरेच उदार आहेत. मुदत संपलेला पासपोर्टही चालतो. भारतातील प्रवेशाची तारीख दाखवण्यासाठी शिधापत्रिका, वीज देयक, शाळेचा दाखला यांपैकी एखादे कागदपत्र पुरते. धर्माबाबत स्थानिक नामांकित सामुदायिक संस्थेचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

३१ डिसेंबर २०१४ नंतर आलेल्यांसाठी मात्र जुनाच रस्ता राहतो आणि नागपूर-यवतमाळ हा भेदही. येथे एक गल्लत होत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नवा विदेशी नागरिक कायदा लागू होताना, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या या समुदायांच्या लोकांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट देण्यात आली. ही सूट राहण्यापुरती आहे. नागरिकत्वाची तारीख त्यामुळे दहा वर्षांनी पुढे सरकलेली नाही.

घाईत होणाऱ्या चुका

नेहमीच्या मार्गाने जाणाऱ्यांनी एलटीव्हीची मुदत एक दिवसही चुकवू नये. मुदत उलटून गेल्यावर राहणारी व्यक्ती ‘अवैध स्थलांतरित’ या व्याख्येत येते आणि पाचव्या व सहाव्या कलमांचे दरवाजे तिला बंद होतात. ही नोंदणी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या कक्षेत येते. तेथील प्रत्येक नोंदीची प्रत जपून ठेवावी, कारण वास्तव्याचा हिशेब त्यावरूनच जुळतो. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. कोणाच्या तरी सांगण्यावरून मतदार यादीत नाव घालून घेतले जाते. नागरिक नसताना नागरिक असल्याचे खोटे निवेदन मतदार नोंदणीच्या अर्जात करणे हा १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. शिवाय चारित्र्याची चौकशी होते तेव्हा तेच ओळखपत्र अर्जदाराविरुद्ध उभे राहते.

सर्व अटी पूर्ण झाल्या तरी नागरिकत्व हक्काने मागता येत नाही, हेही खरे. अर्ज मंजूर वा नामंजूर करण्याचा विवेकाधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने सरकारकडे ठेवला असून नकाराची कारणे देण्याचे बंधन नाही.

१९४७ च्या सुमारास आलेल्या सिंधी कुटुंबांना यातले काहीच करावे लागले नव्हते. अखंड भारतात जन्मलेले आणि १९ जुलै १९४८ पूर्वी भारतात येऊन राहिलेले लोक राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने आपोआप नागरिक झाले. त्यानंतर आलेल्यांना सहा महिन्यांच्या वास्तव्यावर नोंदणी करून घेता आली. त्याच घराण्यातील मागे राहिलेल्या भावाच्या नातवंडांना आज वंशाचा, व्हिसाचा आणि वर्षांचा हिशेब द्यावा लागतो.

मंजुरीनंतर मूळ देशाचे नागरिकत्व सोडावे लागते, कारण भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. प्रौढ अर्जदाराला भारतीय राज्यघटनेप्रति निष्ठेची शपथ घ्यावी लागते, त्यानंतर प्रमाणपत्र हाती येते. मतदार नोंदणीचा नमुना सहा भरण्याची वेळ येते, ती त्या दिवसानंतर.