रान मोकळं आहे तोवर

करोनाच्या टाळेबंदीत ‘पक्षी परत आले’ असं सगळीकडं ऐकू येत होतं. सोलापूरपुरतं तरी ते खरं नाही. पक्षी इथंच होते. गाड्या थांबल्या म्हणून त्यांचा आवाज आपल्याला ऐकू आला, एवढंच.

शहर रेड झोनमध्ये होतं. ३ जून २०२० पासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात मोकळ्यावर फिरायची मुभा मिळाली, तेव्हा मास्क लावून, अंतर राखून आम्ही तुळजापूर रस्त्यानं हिप्परग्याच्या तलावावर गेलो. आदिला नदीवरचा हा एकरुख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. जूनमध्ये पाणी आत सरकतं आणि उघड्या पडलेल्या चिखलातले किडे टिपायला गुलाबी पायांचे शेकाटे उतरतात. हिवाळी बदकं केव्हाच उत्तरेला गेलेली असतात.

पण जूनमध्ये खरं पाहण्यासारखं काठामागच्या रानात असतं. टिटवी ढेकळांतच अंडी घालते, मातीच्या रंगाची, बहुधा चार. ऊन तापलं की ती पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओलीनं अंडी गार ठेवते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, की अंडी जवळच आहेत असं समजून मागं फिरावं. इथले कितीतरी शेतकरी अंडी दिसली की औत बाजूनं काढतात. धाविक आणि चंडोलही असेच जमिनीवर अंडी घालणारे. बाभळीवर चातक ओरडत असतो. पावसाच्या वाऱ्यांबरोबर हा पाहुणा आफ्रिकेतून येतो.

या पक्ष्यांना इथं थारा मिळाला तो आपल्या शेतीमुळं. सोलापूर रब्बीचा जिल्हा. काळं रान पावसाळाभर मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या घालून ओल धरायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात मालदांडी ज्वारी पेरायची. माळढोकही माळ आणि कोरडवाहू रान यांच्या आधारानंच जगला. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. १९७९ मध्ये त्याच्यासाठी नान्नजचं अभयारण्य झालं, तरी आज तो क्वचितच दिसतो. त्याची कारणं अनेक आहेत, पण उजनी धरणाचं पाणी पोचलं तिथं ज्वारी हटून ऊस आला, हे मला त्यात मोठं वाटतं. उसाच्या दाटीत माळढोक राहू शकत नाही.

उसाकडं वळणाऱ्या शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला खात्रीचा पैसा हवा. अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या कोरडवाहू ज्वारीला परवडेल असा भाव मिळाला, तरच तो रान मोकळं ठेवील.