परदेशवारी : वाढीव विमा घ्यावा काय?

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा दौरा आटोपून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. वय अवघे वीस. आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये उभारलेले त्यांचे स्मारक आजही तेथे आहे. परमुलखात आजारपण वा मृत्यू ओढवला तर काय करावयाचे, हा प्रश्न त्या काळी राजघराण्यापुरता होता. आज तो सहल कंपनीबरोबर युरोप पाहणाऱ्या आणि नातवंडांसाठी सहा-सहा महिने अमेरिकेत राहणाऱ्या सामान्य कोल्हापूरकरांचाही झाला आहे.

युरोपपुरते उत्तर तुलनेने सोपे आहे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे विमा संरक्षण सक्तीचे असते. तातडीचे उपचार, रुग्णाला मायदेशी परत आणणे आणि मृत्यू यांसंबंधीचा खर्च त्यात अंतर्भूत असावा लागतो. सहल कंपन्या बहुधा हा विमा सहलीच्या खर्चातच धरतात. दहा-बारा दिवसांसाठी निघालेल्या धडधाकट प्रवाशाने त्यावर आणखी विमा घेतला नाही, तर त्याला अविचारी म्हणता येणार नाही.

अमेरिकेचे तसे नाही. तेथील पर्यटक व्हिसासाठी विम्याची अटच नसल्याने अनेकजण स्वस्तातली पॉलिसी घेऊन मोकळे होतात. अत्यवस्थ रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करणे १९८६ च्या कायद्याने तेथील बहुतेक रुग्णालयांना बंधनकारक आहे. पण म्हणून बिल माफ होत नाही. मुलाच्या कंपनीचा आरोग्य विमा भेटीस आलेल्या आई-वडिलांना सहसा लागू नसतो आणि भारतातील आपली नेहमीची मेडिक्लेमही बहुधा देशाच्या सीमेवरच थांबते. अशा प्रवासाला वाढीव रकमेचा विमा ही चैन नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कॅनडाने तर पालकांच्या 'सुपर व्हिसा'साठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरच्या आरोग्य विम्याची अटच घातली आहे.

मात्र केवळ रकमेचा आकडा पाहून हुरळू नये. साठीपुढील प्रवाशांच्या कित्येक पॉलिसींत एकूण रक्कम मोठी दिसते, पण खोलीभाडे, शस्त्रक्रिया, डॉक्टरांची फी यांना वेगवेगळ्या मर्यादा घातलेल्या असतात. शिवाय प्रत्येक दाव्यातील सुरुवातीची काही रक्कम, म्हणजे 'डिडक्टिबल', स्वतःच सोसावी लागते. सर्वांत मोठी मेख आहे ती जुन्या आजारांची. मधुमेह, रक्तदाब, पूर्वी झालेली अँजिओप्लास्टी यांतून उद्भवणारे दुखणे अनेक पॉलिसी वगळतात किंवा केवळ जिवावर बेतले असतानाच, तेही मर्यादित प्रमाणात, मान्य करतात. 'साखर थोडीशीच आहे, कशाला लिहायचे?' हा घरोघरी ऐकू येणारा विचार फार महागात पडतो. लपविलेला आजार रुग्णालयाच्या कागदपत्रांत उघड झाला, की दावा नाकारण्यास कंपनीला आयते कारण मिळते. जादा पैसे मोजायचेच असतील तर ते जुन्या आजारांच्या संरक्षणासाठी मोजावेत.

सामान हरवणे, विमानास विलंब होणे यांसाठी वेगळा हप्ता भरण्याचा आग्रह केला जातो. त्याला आम्ही फारसे महत्त्व देत नाही. सामानाबाबत मॉन्ट्रिऑल करारानुसार विमान कंपनीवर ठरावीक मर्यादेपर्यंत जबाबदारी असतेच. क्रेडिट कार्डाबरोबर 'फुकट' मिळणारा विमाही बहुतांशी अपघाती मृत्यू वा सामानापुरताच असतो. रुग्णालयाच्या खर्चासाठी त्यावर विसंबू नये.

विमा भारत सोडण्यापूर्वीच घ्यावा. परदेशी पोहोचल्यावर येथील कंपन्या तो सहसा देत नाहीत. मुक्काम लांबण्याची शक्यता असल्यास मुदतवाढीचा नियम आधीच विचारून ठेवावा. पॉलिसीची एक प्रत आणि साहाय्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक मुला-मुलीकडे द्यावा, कारण रुग्णालयात दाखल होताच त्या केंद्राला कळविणे ही बहुतेक पॉलिसींतील अट असते आणि त्या क्षणी फोन करण्याच्या स्थितीत रुग्ण स्वतः क्वचितच असतो.