बोर्डात बसला, पण चालेना
पीसी असेंबल करायचा म्हटलं की आपण आधी प्रोसेसर ठरवतो आणि उरलेल्या पैशात मदरबोर्ड बसवतो. २०२२ साली मीही तेच केलं. बाबांनी सोसायटीतून कर्ज काढून पैसे दिले होते. रायझन ५ ५६००जी घेतला, बी४५० बोर्ड स्वस्तात मिळाला. दोन्हींचं सॉकेट एएम४, म्हणजे जमलंच! रात्री रूमवर सगळं जोडलं. पंखे फिरले, स्क्रीन काळीच. दोन दिवस घरी फोन करायची हिंमत झाली नाही.

घोळ बायोसचा होता. बी४५० आला २०१८ मध्ये, माझा प्रोसेसर २०२१ चा; बोर्डातलं जुनं बायोस त्याला ओळखतच नव्हतं. शेवटी एका सिनियरचा जुना रायझन ३ २२००जी तासाभरासाठी मागून आणला, तो लावून पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट केलं.

तेव्हा मित्रांनो, नुसतं सॉकेट पाहू नका. बोर्ड कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्टची यादी असते, त्यात प्रोसेसरसमोर किमान बायोस व्हर्जन दिलेलं असतं. बोर्डात कोणतं आहे ते दुकानातच विचारा. (काही बोर्डांवर प्रोसेसर न लावताही बायोस अपडेट करायचं बटण असतं.) रॅमचंही तसंच. इंटेलच्या एलजीए१७०० ला डीडीआर४ चे आणि डीडीआर५ चे असे वेगवेगळे बोर्ड आहेत, आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. कॅबिनेट साधं चालेल, पण त्यासोबत फुकट येणारा एसएमपीएस नको.