डच आडनावे : थट्टा नव्हे, इतिहास

नेदरलँड्समधील काही आडनावे खुद्द डच लोकांनाही हसू आणतात. ‘नाक्तखेबोरन’ याचा शब्दशः अर्थ ‘नग्न जन्मलेला’. सम्राट नेपोलियनने १८११ मध्ये आडनावाची नोंदणी सक्तीची केली, तेव्हा लोकांनी त्याची थट्टा करण्यासाठी अशी नावे घेतली, अशी आख्यायिका आहे. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. बहुसंख्य कुटुंबांची आडनावे त्यापूर्वीच रूढ होती. ‘नाक्तखेबोरन’ हा पित्याच्या निधनानंतर जन्मलेल्या अपत्यासाठी असलेल्या जर्मन शब्दाचा अपभ्रंश मानला जातो.

ही आडनावे प्रामुख्याने पिता, व्यवसाय, स्वभाव वा शरीरवैशिष्ट्य आणि वसतिस्थान यांवरून पडली. ‘यान्सन’ म्हणजे यानचा पुत्र, ‘बाकर’ म्हणजे पाव भाजणारा, ‘डे योंग’ म्हणजे धाकटा. ‘व्हान डाइक’ हे नाव समुद्र व नद्यांना घातलेल्या बांधालगतच्या वस्तीचे स्मरण देते.

नेपोलियनच्या आदेशाने बहुतेक नावे निर्माण केली नाहीत, ती कायम केली. पित्याच्या नावानुसार दर पिढीत बदलणारी ओळख त्यामुळे स्थिरावली. १ जानेवारी २०२४ पासून तेथे अपत्याला आई व वडील या दोघांचीही आडनावे जोडून देता येतात.