हुकूम कधी मारायचा?

7 डिसेंबर 2024. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यावर 'डॅरा' नावाचं वादळ आदळलं. लिव्हरपूल शहरात वारा असा सुटला, की एव्हर्टन आणि लिव्हरपूल या एकाच गावातल्या दोन हाडवैरी संघांची मॅच सकाळीच पुढे ढकलावी लागली. आता मला सांगा, त्या वाऱ्याचा आणि इथे करकंबमध्ये डाळिंबाच्या बांधावर बसून मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या माझ्या पुतण्याचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो पार दोन महिन्यांनी उगवला.

पुतण्या फँटसी प्रीमियर लीग खेळतो. इंग्लंडच्या फुटबॉल लीगवर बेतलेला, 2002 पासून चालू असलेला हा फुकट खेळ जगभर 1 कोटीहून अधिक लोक खेळतात. गंमत साधी आहे. तुम्हाला 10 कोटी पौंड मिळतात, अर्थात खोटे. त्यात खरेखुरे 15 खेळाडू 'विकत' घ्यायचे, एका क्लबचे तीनच. त्यातले 11 मैदानात, चार बाकावर. शनिवारी त्या खेळाडूनं तिकडे खरा गोल मारला, की इकडे तुमच्या खात्यात गुण. एकाला कप्तान करायचं, त्याचे गुण दुप्पट. असे 38 'आठवडे', म्हणजे लीगच्या 38 फेऱ्या.

इथवर नुसती निवड आहे. खरी मजा पुढे, कारण खेळ तुमच्या हातात काही हुकमाची पानं ठेवतो. त्यांना 'चिप' म्हणतात. 'ट्रिपल कॅप्टन' मारलीत तर त्या आठवड्यात कप्तानाचे गुण तिप्पट. 'बेंच बूस्ट' मारलीत तर बाकावरचे चौघंही मोजले जातात. 'वाइल्डकार्ड'वर अख्खा संघ बदला, दंड नाही. 'फ्री हिट' म्हणजे एका आठवड्यापुरता भाड्याचा संघ. पुढच्या आठवड्यात जुना आपोआप परत. एका आठवड्यात एकच चिप. आणि एकदा वापरली की गेली.

मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. हुकूम पहिल्याच हाताला मारणारा उतावळा आपण पाहिलेला असतो. आणि हुकूम जपत जपत बसलेला, शेवटी चारही मेंढ्या समोरच्यानं नेल्यावर तो चकचकीत एक्का निमूटपणे खाली ठेवणारा कंजूषही पाहिलेला असतो. दोघांच्या मधली नेमकी जागा कुठली?

आधी वादळाकडे परत जाऊ. ढकललेली मॅच कुठेतरी बसवावी लागतेच. ती बसली 12 फेब्रुवारी 2025 ला, चोविसाव्या आठवड्याच्या शेपटाला. झालं काय, की त्या एका आठवड्यात लिव्हरपूलच्या खेळाडूंना दोन मॅच मिळाल्या! फँटसीवाले याला 'डबल गेमवीक' म्हणतात आणि दुष्काळात ढग दिसावा तसे त्याकडे बघतात. हे डबल येतात कुठून? वादळातून, बर्फातून आणि बहुतेक वेळा कप स्पर्धांतून. एखादा क्लब कपच्या अंतिम फेरीत पोचला, की त्याची त्या दिवशीची लीगची मॅच उचलून दुसऱ्या आठवड्यात टाकतात. म्हणजे पहिल्या आठवड्याला खळगा आणि दुसऱ्याला उंचवटा. कोणाला कधी, हे कोण कोणाला हरवतं त्यावर ठरतं. कॅलेंडरच जिवंत!

तर 1 फेब्रुवारीला आपल्याकडे दुपारी साडेचार वाजता संघ ठरवायची मुदत संपत होती, आणि जगभरच्या लाखोंप्रमाणे पुतण्यानंही लिव्हरपूलच्या मोहम्मद सालाहवर ट्रिपल कॅप्टन मारली. त्या रात्री बोर्नमथविरुद्ध लिव्हरपूल 2-0 जिंकलं. दोन्ही गोल सालाहचे. बारा दिवसांनी, आपल्या घड्याळात रात्री एक वाजता, ती वादळानं ढकललेली मॅच सुरू झाली. 2-2 बरोबरी. त्यात सालाहचा एक गोल, दुसऱ्या गोलला त्याचाच पास. हिशेब मांडू: मधल्या फळीतल्या खेळाडूला गोलचे 5, गोलसाठी दिलेल्या पासचे 3, तासभर खेळल्याचे 2, संघानं गोल खाल्ला नाही तर 1. पहिल्या मॅचचे 13, दुसरीचे 10. वरचे बोनस गुण सोडूनही 23.

तिप्पट केले की 69, असं पुतण्या ओरडत आला. पण जरा थांबा. कप्तान म्हणून दुप्पट तर ते होणारच होते. चिपची खरी कमाई वरची एक पट, म्हणजे 23. हा हिशेब भलेभले चुकतात. हुकमाची किंमत म्हणजे हुकमामुळे *वाढलेलं* तेवढंच.

आता मुख्य चमत्कार. तेवीस हा आकडा चांगला की वाईट? निकाल लागल्यावर कोणीही सांगेल. पण मुदतीआधी, पुढे आणखी 14 आठवडे शिल्लक असताना, "आजच मारू की थांबू?" याला उत्तर असतं का?

असतं. त्यासाठी घरातला लुडोचा फासा काढा. खेळ असा: फासा टाका, जेवढे ठिपके तेवढे पेढे. पसंत नसेल तर सोडून द्या आणि पुन्हा टाका. एकूण तीन संधी, म्हणजे तीन 'टाक्या'. सोडलेलं परत मागता येत नाही. पहिल्याच टाकीला चार पडले. घ्याल?

युक्ती अशी, की विचार शेवटाकडून उलटा करायचा. शेवटच्या टाकीला निवड नसते, जे पडेल ते घ्यायचं, सरासरी साडेतीन. म्हणून दुसऱ्या टाकीला चार, पाच, सहा पडले तर घ्यावेत, कमी पडले तर सोडावेत. असं शहाणपणानं खेळलं, की दोन टाक्या हातात असण्याची किंमत होते सव्वाचार. आणि आता पहिली टाकी बघा! हातातले चार पेढे पुढच्या सव्वाचारांपेक्षा कमी. सोडा!

तेच चार पहिल्या टाकीला नाकारायचे आणि दुसऱ्या टाकीला हसत उचलायचे. फासा तोच, ठिपके तेच. बदललं काय? मागे उरलेल्या संधी. सहा टाक्या दिल्या, तर पहिल्या टाकीला पाचसुद्धा सोडून द्यावे लागतात, कारण उरलेल्या पाच टाक्यांची किंमत पाचाच्या थोडी वर जाते. विश्वास बसत नसेल तर कागद घ्या. बेरीज-भागाकाराच्या पलीकडे त्यात काही नाही.

हे कोडं फुटबॉलवाल्यांनी काढलेलं नाही. आर्थर केली या इंग्रज गणितज्ञानं 1875 मध्येच ते लॉटरीच्या चिठ्ठ्यांवर मांडलं होतं: चिठ्ठी उचला, आवडली तर ठेवा, नाहीतर पुन्हा उचला, ठरावीक वेळाच. त्याच्या चिठ्ठ्या आणि आमच्या पोराची ट्रिपल कॅप्टन, दोन्हींचा सांगाडा एकच!

खरं तर करकंबच्या माणसाला केलीपर्यंतही जायला नको. डाळिंबाचं झाड वर्षातून तीन वेळा फुलायला तयार असतं. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार. पण शेतकरी धरतो एकच. पाणी तोडून बागेला ताण द्यायचा, पानगळ होऊ द्यायची, मग नेमक्या वेळी पहिलं पाणी सोडायचं, की झाड फुलांनी पेटतं. मृग धरला तर पाणी पावसाचं, पण दमट हवेत तेल्या रोगाची धास्ती. आंबे बहार धरला तर हवा कोरडी, पण ऐन उन्हाळ्यात विहीर साथ देईल का? एकदा पाणी सोडलं की बहार परत घेता येत नाही. चिपच ती, फक्त ती चुकली तर रात्री झोप लागत नाही.

आणि बाजारासारखाच या खेळातही एक डंख आहे. सगळ्यांनी एकाच आठवड्यात माल काढला तर? सालाहच्या त्या आठवड्यात ज्यांनी चिप मारली, ते एकमेकांच्या पुढे इंचभरही गेले नाहीत. कारण इथे गुण नव्हे, क्रमांक मोजतात. म्हणजे गर्दीबरोबर मारलेला हुकूम तुम्हाला वर नेत नाही, नुसता खाली पडू देत नाही. वर जायचं असेल तर गर्दी नसलेला आठवडा शोधावा लागतो, आणि गर्दी तिथे का नाही याचं कारण बहुधा चांगलंच असतं!

या वेडाचा एक धागा मुंबईतही गुंतलाय. हर्ष जैन इंग्लिश फुटबॉलची फँटसी खेळणारा पोरगा. 2008 मध्ये आयपीएल आली, तेव्हा क्रिकेटमध्ये असं काही का नाही, या प्रश्नातून त्यानं आणि भावित शेठनं मुंबईत ड्रीम 11 उभी केली. तिथे कप्तानाचे गुण दुप्पट, उपकप्तानाचे दीडपट, पण सगळा जुगाड एका मॅचपुरता. राखून ठेवायला काही नाही. ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तशा तिथल्या पैशांच्या स्पर्धाही थांबल्या. माझं मत विचाराल तर बुद्धीला व्यायाम त्या लांबलचक फुकट खेळातच जास्त. पैसा नसला की थांबण्याचा विचार शांतपणे करता येतो.

2025-26 च्या हंगामात खेळ चालवणाऱ्यांनी एक खोडी काढली. प्रत्येक चिप दोनदा दिली, पण पहिला संच एकोणिसाव्या आठवड्याच्या मुदतीआधी वापरला नाही तर वाया. या खोडीनं कोणाचे गोल बदलले नाहीत, कोणाची किंमत बदलली नाही. फक्त शेवटची टाकी अलीकडे ओढली. फाशाचं कोडं सोडवलेल्याला पुढचं आधीच दिसलं असेल: अडतीस टाक्यांचा एक लांब डाव मोडून दोन आखूड डाव झाले, आणि "याच्याखाली घेणार नाही" ही रेघ आपोआप खाली सरकली.

डिसेंबर उजाडला तेव्हा पुतण्या ना वादळाची वाट बघत होता, ना डबलची. एका साध्या, एकाच मॅचच्या आठवड्यात त्यानं निवांतपणे ट्रिपल कॅप्टन मारली आणि बागेत औषध फवारायला गेला. "काका," जाता जाता म्हणाला, "दुसरी टाकी होती. चार पडले, घेतले."