संकेतध्वजांचा संग्रह : कापडाबरोबर नोंदही जपा

नागपूर जिल्ह्यातील कुही तालुका समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तथापि नौदलात किंवा व्यापारी जहाजावर सेवा करून परतलेल्या एखाद्या व्यक्तीच्या पेटीत जुना संकेतध्वज अशा तालुक्यातही सापडू शकतो. त्याचे मोल कापडापेक्षा त्याच्या नोंदीवर अधिक अवलंबून असते.

बिनतारी यंत्रणा नव्हती तेव्हा जहाजे परस्परांशी प्रामुख्याने ध्वजांच्या साहाय्याने बोलत. सध्याची आंतरराष्ट्रीय संकेतावली १९६९ पासून अमलात आहे. तिच्या संचात २६ अक्षरध्वज, १० अंकपताका, ३ पर्यायी पताका व १ उत्तरपताका असे ४० नग असतात. लाल, निळा, पिवळा, काळा व पांढरा या पाच रंगांतूनच ते तयार होतात. ‘ओ’ ध्वज म्हणजे माणूस समुद्रात पडला आहे. ‘ए’ म्हणजे पाणबुड्या पाण्यात आहे, दूर राहा.

संकेतावली बदलली की ध्वजाचा अर्थही बदलतो. १८०५ च्या ट्रॅफल्गरच्या लढाईपूर्वी नेल्सनने दिलेला प्रसिद्ध संदेश पुढे काही काळ चुकीच्या ध्वजांनी दाखविला जात होता. संकेतपुस्तिका १८०३ मध्येच बदलली होती, ही गोष्ट १९०८ मध्ये उजेडात आली.

भारतीय नौदलाच्या निशाणाचा काळ त्याच्या रचनेवरूनच कळतो. कारण ते २००१, २००४, २०१४ व २०२२ मध्ये बदलले. २०२२ च्या निशाणावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. संकेतध्वजाचे तसे नाही. तो कोणत्या जहाजावर, कोणत्या वर्षी फडकला हे केवळ त्याकडे पाहून सांगता येत नाही.

म्हणून ध्वज मिळताच जहाजाचे नाव, वर्ष, देणाऱ्याची सेवा आणि त्याने सांगितलेली हकीकत लिहून घ्यावी. सेवेतील जहाजावरील ध्वज ही शासकीय मालमत्ता असल्याने तो रीतसर मिळाल्याची खात्री करावी. जुने ध्वज बहुधा लोकरी कापडाचे असतात व त्यांना कसर लागते. ते धुऊ नयेत, उन्हात टांगू नयेत; स्वच्छ मलमलीत गुंडाळून कोरड्या जागी ठेवावेत.

सागरी इतिहासाच्या अभ्यासासाठी व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये मुंबईत ‘मेरिटाइम हिस्टरी सोसायटी’ स्थापन झाली. निवृत्तीनंतर ते सातारा जिल्ह्यातील विंचुर्णी या समुद्रापासून दूरच्या खेड्यात राहिले. सागरी वारसा केवळ किनाऱ्यावरच राहत नाही. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी गावातील माजी नौसैनिकांच्या आठवणी वेळीच नोंदविल्या, तर तो खेड्यापाड्यांतूनही जतन होईल. ध्वज पुढील पिढीच्या हाती पडेलही. त्याचा अर्थ सांगणारी व्यक्ती मात्र त्या वेळी असेलच असे नाही.