पंचनाम्यातली वंशावळ : मध्ययुगीन इंग्लंडची सरदार घराणी कशी जुळवतात

इंग्लंडच्या जुन्या सरदार घराण्यांची वंशावळ लावायला बसलं की पहिला अडथळा येतो तो नावांचा. क्लेअर घराणंच घ्या. नॉर्मन स्वारीनंतर इंग्लंडात मोठ्या जमिनी मिळवलेला यांचा मूळपुरुष रिचर्ड. कागदोपत्री तो कुठे 'रिचर्ड फिट्झ गिल्बर्ट' आहे, कुठे 'टनब्रिजचा रिचर्ड', तर कुठे 'क्लेअरचा रिचर्ड'. माणूस एकच. 'फिट्झ' म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि 'द क्लेअर' म्हणजे क्लेअर गावचा. मराठी माणसाला यात बुचकळ्यात पडण्यासारखं काही नाही. मध्ये वडिलांचं नाव आणि शेवटी गावावरून आडनाव, म्हणजे हे आपले क्लेअरकरच झाले की!

पुढची गंमतही ओळखीची आहे. आजोबांचं नाव नातवाला. सुमारे १०९० मध्ये वारला तो रिचर्ड, १११७ मध्ये त्याचा मुलगा गिल्बर्ट, ११३६ मध्ये वेल्श लोकांनी मारला तो नातू पुन्हा रिचर्ड, त्याचा मुलगा पुन्हा गिल्बर्ट. मध्ये एखादा रॉजर येतो, पण पुढे परत तेच. त्यात एक धाकटी पाती पेम्ब्रोकला गेली, तिथेही गिल्बर्ट आणि रिचर्डच. ११४० च्या दशकात 'अर्ल गिल्बर्ट' म्हणून काका आणि पुतण्या असे दोघे एकाच वेळी हयात होते. नुसत्या नावावर भरवसा ठेवला तर काकाची मुलं पुतण्याच्या खाती जमा होतात, आणि जुन्या पुस्तकांत असे घोटाळे भरपूर झालेले आहेत.

मग माणसं वेगळी करायची कशी? जमिनीवरून. तिथली सगळी जमीन शेवटी राजाची, आणि ती धरणारा प्रत्येक जण काही ना काही सेवेच्या अटीवर ती धरत असे. त्यामुळे कोण मेलं, वारस कोण, तो सज्ञान आहे का, याची सरकारला बारीक काळजी. १०८६ चं डूम्सडे बुक ही जमीनधारकांची पहिली मोठी पाहणी. ११६६ साली दुसऱ्या हेन्रीने आपल्या सरदारांना विचारलं की तुमच्या जमिनीवर किती नाइट बसवलेत ते कळवा. ती उत्तरं शिल्लक आहेत. ११८५ ची एक यादी तर खास आहे. राजाच्या हाताखाली आलेल्या विधवा आणि अज्ञान वारसांची ती नोंद, बाईचं वय आणि मुलं किती यासकट. यात वंशाचा अभिमान वगैरे कुठेच नाही. विधवेचं लग्न कोणाशी लावायचं आणि त्यातून खजिन्याला काय मिळणार, एवढाच हिशेब.

माझं मत असं, की वंशावळीच्या कामात हीच पहिली कसोटी लावावी. ज्याला कुळाच्या थोरवीशी काही देणंघेणं नाही, त्याने दुसऱ्याच कामासाठी लिहिलेला कागद जास्त विश्वासाचा.

असा सर्वांत उपयोगी कागद म्हणजे मृत्यूनंतरची चौकशी. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सतराव्यापर्यंत या चौकश्या होत राहिल्या. राजाकडून थेट जमीन धरणारा माणूस मेला की राजाच्या कचेरीतून हुकूम सुटे. मग जिल्ह्याचा एस्चिटर नावाचा अधिकारी बहुधा बारा स्थानिक माणसांना पंच म्हणून बसवून त्यांच्याकडून शपथेवर उत्तरं घेई. मयताची जमीन कोणती, कोणाकडून आणि कोणत्या सेवेवर, तिचं उत्पन्न किती, तो कोणत्या दिवशी मेला, जवळचा वारस कोण आणि त्याचं वय काय. आपण याला सरळ पंचनामा म्हणू. मेलेल्याची जमीन पाच जिल्ह्यांत असेल तर पाच पंचनामे.

पण पंचनामा म्हणजे वेदवाक्य नव्हे. आमच्या इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक मापाला टॉलरन्स असतो, तसा इथेही आहे. वय '२१ आणि त्याहून अधिक' असं लिहिलं असेल तर अर्थ एवढाच, की वारस सज्ञान आहे. तो चाळिशीचाही असू शकतो.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण क्लेअर घराण्याचंच आहे. २४ जून १३१४ रोजी स्कॉटलंडमध्ये बॅनकबर्नच्या लढाईत शेवटचा अर्ल गिल्बर्ट मारला गेला. वय तेवीसच्या आसपास, मूलबाळ नाही. वर्षाला सुमारे सहा हजार पौंडांचं उत्पन्न, जमिनी इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडभर पसरलेल्या. कायदा असा, की मुलगा असेल तर सगळं थोरल्याला, पण वारसा बहिणींकडे गेला तर सारखे वाटे. गिल्बर्टला सख्ख्या बहिणी तीन : एलिनॉर, मार्गारेट आणि एलिझाबेथ.

पंचांची उत्तरं आली आणि त्यांत घोळ निघाला. काही ठिकाणी तिसऱ्या बहिणीचं नाव एलिझाबेथ, तर काही ठिकाणी इझाबेल! आता इझाबेल नावाची बहीण खरोखरच होती, पण ती वडिलांच्या पहिल्या बायकोची, म्हणजे सावत्र. सावत्र बहिणीला इंग्लिश कायद्याने भावाचा वारसा मिळत नसे. शिवाय वडिलांनी १२९० साली पहिल्या एडवर्डच्या मुलीशी, जोनशी, दुसरं लग्न केलं तेव्हाच सगळी जमीन राजाच्या स्वाधीन करून, 'या दोघांच्या पोटच्या संततीला' अशा अटीवर परत घेतलेली होती. १२९० चा हा व्यवहार माहीत नसेल, तर इझाबेलला का वगळलं ते पूर्ण कळत नाही, आणि नुसता एखाद-दुसरा पंचनामा पाहणारा तिला वारस समजून मोकळा होतो.

याहून मोठी अडचण पुढे होती. गिल्बर्टची विधवा मॉड हिने सांगितलं, की मला दिवस गेले आहेत. मूल झालं तर बहिणींना काहीच नाही, म्हणून वाटणी थांबली. नऊ महिने झाले, वर्ष झालं, दोन वर्षं होत आली, तरी बाई गरोदरच! एलिनॉरचा नवरा ह्यू डेस्पेन्सर अर्ज करतोय, की निसर्गाच्या नियमाने हे शक्य नाही. आणि सरकारी उत्तर येतंय, की बाईसाहेब गरोदर असल्याचं सगळ्या मुलुखाला ठाऊक आहे. तोवर जमीन राजाच्या ताब्यात आणि उत्पन्नही राजाकडे, त्यामुळे दुसऱ्या एडवर्डला घाई कशाची? डेस्पेन्सरने चिडून १३१५ मध्ये टनब्रिजचा किल्लाही बळकावून पाहिला. वाटणी झाली ती १३१७ च्या नोव्हेंबरात, आणि तोपर्यंत विधवा झालेल्या दोन्ही धाकट्या बहिणींची लग्नं राजाने आपल्या मर्जीतल्या माणसांशी लावून दिली होती. ग्लॅमॉर्गन डेस्पेन्सरकडे गेलं. टनब्रिज मार्गारेटकडे आणि मूळचं क्लेअर एलिझाबेथकडे. केंब्रिजचं क्लेअर कॉलेज याच एलिझाबेथच्या देणगीवर उभं राहिलं.

आता दुसऱ्या प्रकारचा कागद. विल्यम द वॉरेन या नॉर्मन सरदाराची बायको गुंड्राडा १०८५ साली वारली. या दोघांनी ससेक्समध्ये लुइसचा मठ स्थापला होता. या मठाच्या एका सनदेत गुंड्राडा ही मटिल्डा राणीची मुलगी असल्याचं म्हटलं होतं, आणि त्यावर विसंबून शेकडो वर्षं तिला विल्यम राजाची मुलगी मानलं गेलं. आजही जगभरातली किती कुटुंबं तिच्या मार्गाने स्वतःला राजवंशाला जोडून घेतात! मठाला यात फायदा उघड होता. आपली संस्थापक राजकन्या ठरली की मठाचा मान वाढला.

हे खोडलं कशाने? पुढे वंशासाठी नव्हे तर एका लग्नासाठी लिहिलेल्या पत्राने. गुंड्राडाच्या मुलाशी पहिल्या हेन्री राजाच्या एका अनौरस मुलीचं लग्न ठरत होतं. आर्चबिशप अ‍ॅन्सेल्मने राजाला कळवलं, की हे लग्न करता येणार नाही, कारण दोघं एका बाजूने चौथ्या आणि दुसऱ्या बाजूने सहाव्या पिढीत नातेवाईक लागतात. त्या काळी चर्चला सात पिढ्यांपर्यंतचं नातं चालत नसे. १२१५ मध्ये ती मर्यादा चारवर आणली. आता विचार करा. गुंड्राडा खरोखर विल्यम राजाची मुलगी असती, तर ती हेन्रीची बहीण झाली असती आणि नियोजित वधू वराची चक्क मामाची मुलगी! आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी आवर्जून करतात, पण तिकडे ते सर्वांत उघड कारण ठरलं असतं. ते सोडून अ‍ॅन्सेल्म चौथी आणि सहावी पिढी कशाला मोजत बसला असता? इतिहासकार फ्रीमनने १८८८ मध्ये हा प्रश्न जवळपास मिटवला. गुंड्राडा फ्लँडर्सच्या गेर्बोडची बहीण होती हे जुन्या बखरकाराने लिहूनच ठेवलेलं होतं. तिच्या आणि नवऱ्याच्या अस्थींच्या शिशाच्या पेट्या १८४५ साली लुइसच्या मठातून रेल्वेचा मार्ग खणताना सापडल्या, वर नावं कोरलेली. राजकन्या असल्याचा त्यावर शब्द नाही.

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत राजाचे कुलचिन्ह-अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून घराण्यांच्या वंशावळी नोंदवत. घरच्यांनी सांगितलेलं पुष्कळसं तसंच उतरे. त्या वेळच्या तीन-चार पिढ्यांसाठी त्या नोंदी कामाच्या. १०६६ पर्यंत पोहोचणारा वरचा भाग बहुतेकदा सोडूनच द्यावा. स्वारीत आलेल्यांची म्हणून मिरवली जाणारी 'बॅटल अ‍ॅबी रोल' ही यादीही तशीच, मागाहून नावं घुसडून फुगवलेली. होरेस राउंड या अभ्यासकाने असे दावे इतके निर्दयपणे फोडले, की अनेक घराणी त्याच्यावर चिडून असतील. आपल्या कुलवृत्तान्तांतही मूळपुरुषाजवळ धुकं दाट असतं आणि वतनाच्या तंट्यात दाखल झालेली वंशावळ जास्त टिकते, हे वतनी कागद हाताळलेल्यांना सांगायला नको. अर्थात तंट्यातला वादी स्वतःच्या सोयीचं लिहितो, म्हणून प्रतिवादीची वंशावळही शोधावी.

ज्यांना हात घालून पाहायचाय त्यांनी लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या सूचीपासून सुरुवात करावी. दुसऱ्या एडवर्डच्या काळातले मृत्यूनंतरचे पंचनामे 'सी १३४' या मालिकेत आहेत, त्याआधीचे 'सी १३३' आणि 'सी १३२' मध्ये. मूळ लॅटिन वाचता आलं नाही तरी इंग्रजी सारांशाचे खंड छापलेले आहेत आणि बरेचसे इंटरनेटवर घरबसल्या मिळतात. सोबत कोकेनच्या 'कम्प्लीट पीअरेज'ची दुसरी आवृत्ती ठेवावी, पण तिच्यातलं विधान उचलण्याआधी खालची तळटीप आणि तिथला पंचनामा ताडून घ्यावा. बायकांच्या माहेराबाबत तर नक्कीच.